कृपा की अनुग्रह? कायदा की नियमशास्त्र? आणि पाप म्हणजे पापच ना?

सबटायटलवाली
नमस्कार मंडळी. ख्रिस्ती प्रवचनांच्या व्हिडिओंना मराठी सबटायटल द्यायचं काम आलंय. मी ख्रिस्ती नाही त्यामुळे शब्द अडतायत. मशीनने केलेलं भाषांतर दुरुस्त करायचं आहे आणि त्यात हे एक वाक्य सारखं येतंय, 'तुम्ही कायद्याखाली नाही, कृपेखाली आहात'. आता कायद्याखाली म्हटलं की मला थेट 'अमुक कायद्याखाली अटक' आठवतं, आणि कृपेखाली असं तर कोणी बोलतच नाही, फार तर कृपाछत्राखाली म्हणतील. हिंदी व्हिडिओत त्याच जागी 'व्यवस्था' आणि 'अनुग्रह' आहे. मराठीत काय लिहू? आणि सिनला पापच ना, की तिथेही काही गोम आहे?

नगरकर_जुना
छापील मराठी बायबलात लॉ म्हणजे नियमशास्त्र आणि ग्रेस म्हणजे कृपा. तुमचं वाक्य पौल या पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती प्रेषिताच्या रोमकरांस पत्रातलं आहे, 6:14, म्हणजे सहावा अध्याय, चौदावं वचन. तिथे 'अधीन' आहे, खाली नाही. 'नियमशास्त्राच्या अधीन नाही, कृपेच्या अधीन आहात' असं लिहा, कुठल्याही चर्चमधला मराठी माणूस लगेच ओळखेल.
हिंदीवरून उचलू नका हो. 'मूसा की व्यवस्था' (म्हणजे मोशेचं नियमशास्त्र) वाचून आमच्याकडे एका लग्नात भाच्याने विचारलं होतं, मोशेकडे जेवणाची व्यवस्था होती का.

बोरूबहाद्दर
हाहा. पण अनुग्रह का नको ते नीट सांगायला पाहिजे, कारण संस्कृतात तो कृपेपेक्षाही नेमका बसला असता. अडचण मराठीची आहे. मराठीत अनुग्रह 'होतो' त्यापेक्षा जास्त वेळा तो 'घेतला' जातो. 'त्यांनी अमक्या महाराजांचा अनुग्रह घेतलाय' म्हणजे गुरूने कानात मंत्र दिला, आता हे रोज जप करणार, गुरुवार पाळणार. म्हणजे त्यात गुरू आला, विधी आला, आणि नंतरची साधनाही आली. हिंदीवाल्याच्या कानाला अनुग्रह म्हणजे मोठ्यांनी केलेली मेहेरबानी, तिथे तो चालून गेला. आपल्याकडे 'येशूचा अनुग्रह' म्हटलं की ऐकणारा विचारेल, मग मंत्र कोणता दिला?
कृपा त्या मानाने मोकळी राहिली. 'देवाच्या कृपेने सगळं छान चाललंय' हे कुठल्याही धर्माचा माणूस म्हणतो.

सबटायटलवाली
हे पटलं. पण मग नियमशास्त्रच का, सरळ कायदा का नाही? सबटायटलच्या ओळीत बसतच नाही तो शब्द.

नगरकर_जुना
कारण ते तोरा आहे. मोशे या संदेष्ट्याकरवी इस्राएलाला, म्हणजे यहुदी लोकांना, मिळालेली शिकवण, त्यात दहा आज्ञा आल्या, सुंता आली, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस आला, काय खायचं काय नाही ते आलं. यहुदी परंपरा एकूण 613 आज्ञा मोजते. तोराचा अर्थ मुळात शिकवण. ख्रिस्तपूर्व काळातच यहुद्यांनी आपली शास्त्रं ग्रीकमध्ये नेली तेव्हा तोराला 'नोमोस' शब्द वापरला आणि तिथून सगळ्या युरोपात लॉ झाला. 'कायदा' लिहिलंत तर तोरा गेली आणि कोर्ट आलं.

आडवाटेचा
आता मी जरा लांब लिहिणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.
शब्द नियमशास्त्र लिहा, कृपा लिहा, काही वाद नाही, पण खरी गोम तुम्ही शेवटी विचारलेल्या पापातच आहे. मराठीत पाप एकटं येत नाही. पाप-पुण्य. दोन खाती, इकडे जमा तिकडे खर्च. मुक्या प्राण्याला मारू नकोस पाप लागेल, पाणी पाज पुण्य मिळेल, आणि शेवटी चित्रगुप्त बेरीज करणार. पाप 'लागतं', म्हणजे बाहेरून येऊन चिकटतं, आणि गंगेत धुतलं की जातं. हे डोक्यात ठेवून आपला माणूस पौल वाचायला बसला की तो पापाच्या समोर पुण्य शोधतो, आणि नियमशास्त्र म्हणजे पुण्य कमवायचं पुस्तक असं धरून चालतो, आणि मग कृपा म्हणजे काय, तर पुण्य कमी पडलं की देवाने घातलेली भर.
पौलाकडे हा हिशोबच नाहीये. त्याच्याकडे पापाच्या समोर पुण्य उभं नाही, कृपा उभी आहे. रोमकरांस पत्र साधारण इसवी सन 57 च्या आसपासचं, बहुतेक करिंथहून लिहिलेलं. त्यात पाचव्या ते सातव्या अध्यायात पाप हा शब्द कसा वापरलाय ते बघा. बहुतेक जागी एकवचन. पाप राज्य करतं. पाप संधी साधतं, फसवतं, ठार करतं. पाप चाकरीला ठेवतं आणि पगारही देतं! 'पापाचे वेतन मरण आहे' हे वाक्य भिंतींवर रंगवलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्यातला वेतनाचा ग्रीक शब्द शिपायाच्या शिध्याचा, पगाराचा आहे. म्हणजे धनी आहे, चाकर आहे, पगार आहे. आणि त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात देव पगार देत नाही, तिथे 'कृपादान' आहे. चौथ्या अध्यायात तर त्याने उघडच म्हटलंय की काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, तिला कोणी कृपा म्हणत नाही, ते त्याचं येणंच असतं.
म्हणून ताई तुमच्या वाक्यात 'अधीन' पाहिजे. ते कलम लागू होण्याबद्दल नाहीये, अंमल कोणाचा याबद्दल आहे. 5:21 ला तो म्हणतो पापाने राज्य केलं, आता कृपेने राज्य करावं. एका राजाचा मुलूख सोडून दुसऱ्याच्या मुलखात आलात, असं ते आहे.

गोफणगुंडा
पण पापाचा मूळ अर्थ नेम चुकणे असाच आहे ना? प्रत्येक पास्टर सांगतो. हिब्रू 'खाता', ग्रीक 'हामार्तिया', दोन्ही नेमबाजीचे शब्द.

आडवाटेचा
बरोबर आहे आणि त्याचा पुरावाही झकास आहे. बायबलातल्या शास्ते पुस्तकात 20:16 ला इस्राएलाच्या बन्यामीन वंशातले 700 डावखुरे गडी येतात, केसावर नेम धरून गोफण मारली तरी चुकायची नाही. तिथलं 'चुकणे' हे क्रियापद तेच, जे इतर ठिकाणी 'पाप करणे' म्हणून येतं. पण खरं सांगू का, प्रवचनात हे इतकं घासून झालंय की त्याने उलट नुकसान होतं. नेम चुकला म्हणजे पुढच्या वेळी नीट धरा, सराव वाढवा, एवढंच डोक्यात राहतं. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. पौलाच्या हातात तो शब्द आला तोवर त्याचा नेमबाजीशी संबंध जवळजवळ सुटला होता.

सबटायटलवाली
मग नियमशास्त्र कशाला दिलं? पुण्य कमवायला नाही, पाप थांबवायलाही नाही. प्रवचनात एका ठिकाणी तर म्हणतात नियमशास्त्र आलं आणि अपराध वाढला! मी ते भाषांतराची चूक समजून बदलणार होते.

आडवाटेचा
बदलू नका!! ते 5:20 आहे आणि तसंच आहे. आणि त्याने उठणारा प्रश्न पौल स्वतःच सातव्या अध्यायात विचारतो, मग काय नियमशास्त्र पाप आहे? उत्तर, कधीच नाही. मग तो दहावी आज्ञा घेतो. चोरी, खून, व्यभिचार या आज्ञा न घेता मुद्दाम 'लोभ धरू नको' घेतो, कारण बाकीच्या पाळल्या हे शेजारी पाहू शकतात पण लोभ आतला, तिथे साक्षीदार नाही. म्हणतो, आज्ञेने सांगितलं नसतं तर लोभ काय ते मला कळलंच नसतं, आणि सांगितल्यावर पापाने तीच आज्ञा हत्यार म्हणून वापरली आणि माझ्यात सगळ्या प्रकारचा लोभ उभा केला. आज्ञा पवित्रच, पण ती बरं करू शकत नाही.
गलतीकरांस पत्रात त्याने दुसरा शब्द वापरलाय, मराठीत त्याला 'बालरक्षक' केलंय. ग्रीक-रोमन घरात मुलाला शाळेत पोचवणारा, वाटेत वात्रटपणा केला तर फटका देणारा एक गुलाम असायचा, तो हा. तो शिकवायचा नाही, पोचवायचा. मुलगा मोठा झाला की त्याचं काम संपलं.
आणखी एक बारकावा सबटायटलसाठी. ग्रीकमध्ये नोमोस एकच शब्द, पण मराठीत तोरा असेल तिथे नियमशास्त्र आणि 'पापाचा व मरणाचा नियम' अशा जागी नुसता नियम केलाय. वक्ता दोन्हीकडे लॉच म्हणणार. ऐकून ठरवा, सरसकट फाइंड-रिप्लेस मारू नका.

वसईवाला
चर्चा वाचतोय, सगळी प्रोटेस्टंट बाजूनेच चाललीय म्हणून लिहितो. आम्हा कॅथलिकांच्या बोलण्यात कृपा म्हणजे देवाची नुसती मेहेरनजर नव्हे, ती माणसाच्या आत येते, राहते, वाढते, मोठ्या पापाने जाते आणि कुमसाराने, म्हणजे फादरपुढे पापं कबूल केल्याने, परत मिळते. साक्रामेंतं, म्हणजे चर्चचे पवित्र विधी, सात, ती कृपा मिळायची साधनं. मरियेला गोव्यात 'कुर्पेन भरलेली' म्हणतात, भरलेली म्हणजे भांड्यात काहीतरी आहे. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरला नेमकं हेच नको होतं, त्याचं म्हणणं कृपा ही देवाच्या मनातली गोष्ट, तुमच्या अंगातली वस्तू नाही. त्यावर कॅथलिकांची त्रेंतची धर्मसभा बसली 1545 ते 1563, एकमेकांना शाप देऊन झाले, आणि 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्ग शहरात लूथरन आणि कॅथलिक दोघांनी मिळून सही केली की तारण, म्हणजे पापातून सुटका, केवळ कृपेने, आमच्या कुठल्या लायकीमुळे नाही, यावर आमचं एकमत आहे. चारशेहून जास्त वर्षं लागली. तेव्हा प्रवचन कोणाचं आहे ते आधी विचारा.
बाकी हिंदू शब्द घ्यायला घाबरायचं कारण नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 1616 साली गोव्यात राचोलला छापलेल्या मराठी ख्रिस्तपुराणात स्वर्गाला बिनधास्त वैकुंठ म्हटलंय.

कोपऱ्यातला
तारण केवळ कृपेने? आमच्या पतसंस्थेत तारण फक्त सोन्याने. 'सोनेतारण कर्ज, आजच भेटा.' 😀

नगरकर_जुना
हा जोक चर्चच्या प्रत्येक तरुण संघात होतो. पण तारणहार शब्द सगळ्यांना समजतो, तेवढ्यावर भागतं.

गोफणगुंडा
आडवाटेचा, तुम्ही 'देवाने घातलेली भर' चुकीची म्हणालात. पण कृपा म्हणजे ग्रेस मार्कच की. शब्दही तोच. 32 आले, 35 ला पास, तीन देऊन टाकले.

आडवाटेचा
ग्रेस मार्क कोणाला मिळतात? काठावर आलेल्याला. म्हणजे 32 तुमचे, तीन बोर्डाचे. ख्रिस्ती इतिहासात यावरच पहिलं मोठं भांडण झालं. पेलाजियस नावाचा ब्रिटनकडचा साधू म्हणत होता की देवाने आज्ञा दिली म्हणजे माणसाला ती पाळता येत असणारच, नाहीतर दिली कशाला? कृपा म्हणजे देवाने दिलेली समज, आज्ञा, ख्रिस्ताचं उदाहरण. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन म्हणाला, अहो पहिले बत्तीसही कृपेचेच, पेपर लिहायची इच्छासुद्धा कृपेची. कार्थेजच्या 418 च्या सभेत पेलाजियसची मतं धिक्कारली गेली. माझ्या मते सामान्य माणूस, ख्रिस्ती धरून, आजही मनातून पेलाजियसच्याच बाजूचा आहे, कारण ते न्यायाचं वाटतं. ऑगस्टीन पचत नाही.

कोपऱ्यातला
आता सिरियसली. सगळंच फुकट असेल तर पाप करायला मोकळे की! कृपाही जास्त मिळेल.

वसईवाला
हे तुमच्या आधी रोममध्ये विचारून झालंय 😄 6:1 बघा, कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय. तिथेही उत्तर कधीच नाही. जर्मनीत बॉनहोफर या लूथरन पाळकाने 1937 साली याच वृत्तीला 'स्वस्त कृपा' म्हटलं होतं, म्हणजे पश्चात्ताप नको, शिष्यपण नको, क्षमा तेवढी द्या. त्याला पुढे नाझींनी 1945 च्या एप्रिलमध्ये फाशी दिली.

सबटायटलवाली
सगळ्यांचे आभार, खूपच कळलं. एक शेवटचं. इंग्रजीत 'फॉल फ्रॉम ग्रेस' आलंय, मशीनने 'कृपेतून पडला' केलंय. मी 'पापात पडला' करू का? नट, पुढारी यांच्या बातमीत त्याच अर्थाने वाचलंय, लफडं बाहेर आलं वगैरे.

बोरूबहाद्दर
मराठी बायबलात याला फार सुंदर क्रियापद आहे, 'कृपेला अंतरलात'. आईला अंतरला, घराला अंतरला म्हणतो तसं. तेच ठेवा.

आडवाटेचा
आणि अर्थ तर बरोबर उलटा आहे. गलतीकरांस 5:4. हे गलतीकर म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या मधल्या भागातले लोक, यहुदी नसलेले, ख्रिस्ताकडे आलेले. मागून काही जण आले आणि म्हणाले विश्वास ठीक आहे पण सुंता करून घ्या, त्याशिवाय पूर्ण नाही. त्यांनी दारू ढोसली नव्हती, लफडं केलं नव्हतं, ते जास्तच धार्मिक व्हायला निघाले होते! त्यांना पौल म्हणतो, नियमशास्त्राने नीतिमान ठरू पाहताय, तुम्ही कृपेला अंतरलात. 'पापात पडला' लिहिलंत तर अख्खं पत्रच पालथं होईल. बातमीतला पुढारी असेल तर मात्र 'नजरेतून उतरला' करा, तिथे पौलाचा काही संबंध नाही.

सबटायटलवाली
बाप रे, बरं विचारलं. पुढच्या व्हिडिओत 'येशू आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे' असं छापील बायबलातूनच आलंय. पण प्रायश्चित्त तर ज्याने केलं त्याने घ्यायचं असतं ना? नवीन धागा काढू की इथेच?

नगरकर_जुना
नवीन काढा. त्याला हा पुरणार नाही.