सरकारी नोकरी मिळाली, पण कचेरीनं सामावून घेतलं का? अनुभव लिहा

मांजराकाठ: काल फेरफारासाठी कचेरीत गेले होते. तिथले अंध लिपिक कानात इअरफोन घालून स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत होते, भराभर. भाऊच आठवला. पोलिओमुळं तो कुबड्या घेऊन चालतो. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यातल्या ३ टक्के राखीव जागांतून लागला. टेबल दिलं दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास खाली. तो घरून चहासुद्धा न पिता निघायचा! २०१६ च्या कायद्यानं ४ टक्के झाले, पण टेबल खाली आणायला अर्जावर अर्ज द्यावे लागले. जागा भरली की साहेब लोकांचं काम संपतं, याचा फार राग येतो. तुमचेही अनुभव सांगा.

गोदेची लेक: महिलांच्या ३० टक्क्यांतून ग्रामसेवक झाले. ग्रामपंचायतीत बाईमाणसाला जायला जागाच नाही. पाळीच्या दिवसांत समोरच्या काकूंकडं जायचे. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, देव त्यांचं भलं करो. बाकी नंतर लिहिते, दूध उतू चाललंय.

किल्लारीकर: आमचं भूकंपग्रस्ताचं प्रमाणपत्र. २ टक्के जागा, पण घरातून एकालाच लाभ. चुलते म्हणाले पोराला द्या, पोरगी परक्या घरी जाणार. आजीनं ऐकलं नाही, ताईला दिलं. ताई आज नोकरीत आहे, आजीचं औषधपाणी तीच बघायली.

उमरगा_९३: @किल्लारीकर आजीला दंडवत. जुन्या गावठाणातले का तुम्ही? आमची मावशी तिथलीच.

किल्लारीकर: व्हय. मेसेज करा.

परभणीचा मामा: भाचा अंध आहे. लेखनिक घेऊन परीक्षेला बसला. तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, हे पर्यवेक्षकालाच माहीत नव्हतं. परिपत्रकाची झेरॉक्स होती म्हणून निभावलं. सोबत ठेवाच.

रानवारा: वडील एका महामंडळात चालक होते. अपघातात पाय गेला, तर राजीनामा लिहून द्या म्हणायले. आईनं सही करू दिली नाही. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. २०१६ च्या कायद्याचं कलम २० वाचा. घाबरून सही करू नका!!

नांदेडची सखी: मी तृतीयपंथी. २०२२ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयानं सांगितल्यावर पोलीस भरतीच्या अर्जात आमचा रकाना आला. मैदानावर पोरी म्हणाल्या, चल, आमच्यासोबत पळ. त्या सकाळी लई बळ आलं. निवड नाही झाली, तयारी चालूच आहे.

गोदेची लेक: @सखी गोळाफेक कोण शिकवतंय? माझ्या पुतणीलाही पाठवायचंय.

नांदेडची सखी: पाठवा ताई, पहाटे मैदानावरच असते मी.

बालाघाट: जरा वेगळं विचारते. बीडला दिव्यांग तपासणीचं बोर्ड कोणत्या वारी बसतं? पोराचं दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र (UDID) काढायचंय.

परभणीचा मामा: वार बदलतात, जिल्हा रुग्णालयात फोन करून जा. जुने रिपोर्ट, आधार न्या. आणि डबा न्या, अख्खा दिवस जातो.