मदत हवी आहे: टेलिकॉमचे शेअर विकू का ठेवू? उद्या बाजार उघडायच्या आत सांगा

पूर्णाकाठ (परभणी), ७ एप्रिल २०२५
आज बाजार बघितला का? सेन्सेक्स २,२०० च्या वर पडला. ट्रम्पनं २ तारखेला टॅरिफ (आयात कर) लावल्यापासून डोक्याला ताप आहे. माझ्याकडं टेलिकॉमचे शेअर आहेत, सगळं लाल दिसायलंय, आन् ज्यानं घ्यायला लावले तो फोन उचलंना. विकू का ठेवू एवढंच सांगा, भाषण नको.

लातूरचा मास्तर
कोणती कंपनी? कधी घेतले, कितीला? टेलिकॉममधी एअरटेल पण येतं, मोबाईलचे टॉवर उभारणारी इंडस टॉवर्स पण आन् व्होडाफोन आयडिया पण.

बालाघाट
अजिबात विकू नका!! २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ पडून २६ हजाराच्या खाली गेला होता, आज एवढा पडूनबी ७३ हजार आहे. मी तवापासून एअरटेल धरून बसलोय. टॅरिफ अमेरिकेत जाणाऱ्या मालावर आहे, आपल्या रिचार्जवर नाही. माणूस दुसरा खर्च कमी करील पण रिचार्ज मारतोच.

लातूरचा मास्तर
त्यांच्याकडं एअरटेल आहे असं ते कुठं म्हणले?

पूर्णाकाठ
व्होडाफोन आयडिया. गेल्या वर्षीच्या एफपीओतले (कंपनीनं परत नवे शेअर लोकांना विकले तवाचे), १० लॉट. आता सांगा.

लातूरचा मास्तर
म्हणजे १,२९८ चा एक लॉट, ११ रुपयांनी १२,९८० शेअर, आन् आज भाव ७ च्या आसपास. भाऊ, ही घसरण ट्रम्पच्या आधीची आहे. २४ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाचा एजीआरचा (कंपनीच्या उत्पन्नातून सरकारला द्यायच्या वाट्याचा) निकाल आला तवापासून ह्या कंपनीच्या मानेवर सरकारी देण्याचं ओझं आहे. आता मार्चअखेर सरकारनं ठरवलं की स्पेक्ट्रमच्या (मोबाईल लहरींच्या) थकबाकीतले ३६,९५० कोटी शेअरच्या रूपात घ्यायचे, १० रुपयांनी. म्हणजे ३,६९५ कोटी नवे शेअर. देणं हलकं होतंय हे खरं, पण तुमचा वाटा तेवढाच पातळ होतोय. बाजार सावरला तरी हा शेअर त्याच्याबरोबर वर येईल असं धरू नका.

बालाघाट
सरकार ४९ टक्क्याचं मालक झालं, मग बुडू देईल का?

नांदेड एक्सप्रेस
कंपनी चालू ठेवणं येगळं आन् भाव वर नेणं येगळं. मुंबई-दिल्लीची फोन कंपनी एमटीएनएल तर सरकारचीच आहे, तरी बँकांचे हप्ते थकले.

जिंतूरकर
टॉवरचा विषय निघालाच आहे तर विचारतो, शेतात टॉवर बसवून देतो म्हणून फोन आला होता, आधी २५ हजार भरा म्हणतेत. भरावं का?

नांदेड एक्सप्रेस
एक रुपया भरू नका!! टॉवरवाले जागामालकाला भाडं देतात, त्याच्याकडून पैसे मागत नसतात. टेलिकॉमवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायनं पण कितीदा सांगितलंय हे.

पूर्णाकाठ
टॉवरचं दुसरीकडं बोला ना. मला ३० तारखेच्या आत पैसे लागतेत, बहिणीचं लग्न आहे अक्षय तृतीयेला, मंगल कार्यालयवाला रोज फोन करतोय.

लातूरचा मास्तर
हे पहिल्याच पोस्टमधी पाहिजे होतं! मग टिकतंय का पडतंय हा वादच संपला, लग्नाला लागतील तेवढे विका. बालाघाट, तुम्ही पाच वर्षं थांबलात, ह्यांच्याकडं तीन आठवडे आहेत. त्यातबी १० ला महावीर जयंती, १४ ला आंबेडकर जयंती, १८ ला गुड फ्रायडे, तिन्ही दिवस बाजार बंद. आणखी एक, एफपीओ गेल्या एप्रिलच्या शेवटी मिळाला, म्हणजे अजून वर्ष व्हायचंय. आत्ता विकलं तर टॅक्सला तोटा अल्पमुदतीचा धरतेत आन् तो अल्प आन् दीर्घ, दोन्ही मुदतीच्या नफ्यातून वजा होतो, वर्ष उलटलं की फक्त दीर्घ मुदतीच्या. इन्कम टॅक्सचा रिटर्न मात्र वेळेत भरा.

बालाघाट
लग्नाचं असल तर माझंबी तेच म्हणणं. पण सगळे विकू नका.

पूर्णाकाठ
बरं. विकायचं कसं? टीपिन मागायलंय.

लातूरचा मास्तर
डीमॅटला जो मोबाईल जोडलाय त्यावर टीपिन (शेअर विकायला परवानगी द्यायचा पिन) येतो, मग ओटीपी. आन् ९:१५ ला घाईत मार्केट ऑर्डर (मिळंल त्या भावाला विकायची) टाकू नका, आज बाजार उघडतानाच किती खाली होता बघितलं ना. अर्धा तास जाऊ द्या, मग भाव बघून लिमिट लावा, म्हणजे त्याच्या खाली विकलं जाणार नाही.

पूर्णाकाठ
मोबाईल वडलांचा दिलाय, ते शेतातल्या आखाड्यावर आहेत, सकाळी येतेत.

लातूरचा मास्तर
मग ते आल्यावरच ऑर्डर टाका, दहा वाजले तरी चालतंय.