चिंगीचे चट्टे पाच आठवडे झाले तरी जात नाहीत

चिंगीची ताई:
पाच आठवड्यांपूर्वी मांजराचं पिल्लू, चिंगी, दत्तक घेतलं, आता तीन महिन्यांचं आहे. चौथ्याच दिवशी डाव्या कानामागे केस गेलेला गोल चट्टा दिसला, कडेला कोंड्यासारखी खपली. डॉक्टरांनी पिसवांचं औषध मानेवर टाकलं, मलम दिलं. तो चट्टा भरत आला, तर आता नाकावर आणि पंजावर नवे. फारसं खाजवत नाही, खाते, पडद्यावर चढते. काल माझ्याच मनगटावर लाल गोल उठलाय आणि तो खाजतोय. ती माझ्या उशीवर झोपते. काय असेल हे?

तीन बोके:
तुमच्या मनगटावरही उठलंय म्हणजे नायट्याची शंका आधी घ्या. ही बुरशी आहे, मांजरांत बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस. खाज नसली तरी असू शकते. केसांची कल्चर तपासणी, म्हणजे केसांतून बुरशी वाढते का ते बघणं, करायला सांगा. निकालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात. वूड्स लॅम्प या अतिनील दिव्याखाली केस हिरवट चमकले तर अंदाज येतो, पण चमकले नाहीत म्हणून बुरशी नाही असं धरू नका. मलमात स्टेरॉइड आहे का तेही विचारा. त्याने लाली जाते, बुरशी मात्र पसरते. तुमचं मनगट त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आमच्या धाकट्या बोक्याचं चार महिने चाललं. औषध बरोबर होतं, घर चुकत होतं. गळलेल्या केसांतले बुरशीचे बीजाणू वर्षभराहूनही जास्त टिकतात. रोज केस उचलायला लागलो, चादरी वेगळ्या धुतल्या, तेव्हा कुठे फरक पडला.

पांढरी शेपटी:
घरगुती तेलं लावू नका, टी ट्री तेल मांजराला विषारी आहे. कुत्र्यांचं पर्मेथ्रिनवालं पिसवांचं औषध तर जिवावर बेततं.

चिंगीची ताई:
कल्चरला केस दिले. मलमात स्टेरॉइड होतं, ते बंद केलं. पण केस घरभर पसरू नयेत म्हणून तिला खोलीत एकटं ठेवायचं म्हणजे... दाराआडून ओरडते हो.

तीन बोके:
एकटं ठेवूच नका. या वयात माणसाची सवय लागायला हवी. जुना सदरा घालून दिवसातून तीन-चारदा तिच्याजवळ बसा, खेळा, बाहेर आल्यावर सदरा धुवायला टाका नि हात धुवा. फक्त उशी तेवढी सध्या नको. आणि केस उगवले म्हणून औषध सोडू नका, डॉक्टर पुन्हा कल्चर करून सांगतील तेव्हाच थांबवा.