एअर इन्टेक निवडताना: ऊन आणि पाणी
गाडीचा मूळ एअरबॉक्स (इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरची बंद पेटी) काढून उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर बसवावा, की बंपरमागून हवा घेणारी लांब नळी, असा आपला प्रश्न आहे. परंतु बडोद्यात राहणाऱ्याने आधी ऊन आणि पाणी पाहावे, असे मला वाटते. उघडा कोन बॉनेटखालचीच तापलेली हवा ओढतो, आणि बाहेर ४२ अंश असताना ती हवा ६५ अंशांवर गेली, तर तिची घनता जवळजवळ ७ टक्क्यांनी घटते. म्हणजे आवाज भारदस्त होतो, पण ताकद उलट कमी होते. (कोन आवाजासाठीच घ्यायचा असेल, तर तसे मनाशी कबूल करावे.) बंपरमागची नळी थंड हवा देते हे खरे, मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरातल्या वस्त्यांत शिरले होते, हे विसरू नये: चालू गाडीचा फिल्टर बुडाला की पाणी सिलिंडरमध्ये जाते, ते दाबले जात नाही, आणि पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो.

मी स्वतः मूळ एअरबॉक्समध्येच बसणारा, धुता येणारा सुती फिल्टर घेतला. पहिल्यांदा धुतल्यावर तेल जरा सढळ हाताने लावले, त्यामुळे त्याचा तांबूस थर इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसला आणि सिग्नलला थांबले की आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचे मंद चालणे) डळमळू लागले. सेन्सरसाठी मिळणाऱ्या स्प्रेने तार साफ केल्यावरच ते थांबले. नळीच घ्यायची झाल्यास, सेन्सर बसतो तिथला तिचा आतला व्यास मूळ नळीइतकाच आहे ना, हे कॅलिपरने मोजून घ्यावे. तो वाढला तर ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) हवा कमी भासते आणि मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते.