‘मॅश’चा सर्वोत्तम भाग कोणता आणि सर्वांत फसलेला कोणता?

जुनाप्रेक्षक (धागाकर्ता)

कोरियातील युद्धात आघाडीजवळ तंबू ठोकून चालणाऱ्या एका लष्करी शल्य रुग्णालयाची गोष्ट सांगणारी ‘मॅश’ ही अमेरिकन विनोदी मालिका सीबीएस वाहिनीवर १७ सप्टेंबर १९७२ रोजी सुरू झाली आणि २८ फेब्रुवारी १९८३ रोजी संपली. प्रत्यक्ष युद्ध जून १९५० ते जुलै १९५३ इतकेच चालले, मालिकेची मात्र अकरा पर्वे झाली. मी ती डीव्हीडीवर पाहिली. त्या डीव्हीडीत प्रेक्षकांचे ध्वनिमुद्रित हसू बंद करण्याची सोय आहे आणि ती वापरून मी सगळे भाग दुसऱ्यांदा पाहिले, तेव्हा माझी जुनी क्रमवारी बरीच बदलली.

माझ्या मते सर्वोत्तम भाग म्हणजे तिसऱ्या पर्वाचा शेवटचा, मार्च १९७५ मधला ‘अ‍ॅबिसिनिया, हेन्री’. ‘पुन्हा भेटू’ या अर्थाचे इंग्रजी शब्द भराभर उच्चारले की अ‍ॅबिसिनियासारखे ऐकू येतात, त्या कोटीवरून हे नाव पडले. रुग्णालयाचा प्रमुख हेन्री ब्लेक याची सेवा पूर्ण होते, त्याला निरोप दिला जातो, मित्रांनी भेट दिलेला सूट घालून तो हेलिकॉप्टरकडे निघतो आणि वाटेतून परत वळून त्याचा कारकून रडार याला मिठी मारतो. एवढ्यावर भाग संपला असता तरी तो चांगलाच ठरला असता. पण त्यानंतर ऑपरेशन थिएटरमध्ये रडार तोंडाला मास्क न लावता येतो, त्यावरून त्याला टोकले जाते आणि तो हातातला कागद वाचतो : हेन्रीचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले, कोणीही वाचले नाही. संहितेचे हे शेवटचे पान बहुतेक कलाकारांना त्या दृश्याच्या चित्रीकरणापर्यंत दाखवलेच नव्हते. दृश्य दुसऱ्यांदा चित्रित करावे लागले तेव्हा शांततेत कोणाच्या तरी हातून एक उपकरण खाली पडले आणि दिग्दर्शक लॅरी गेलबार्ट यांनी तो आवाज तसाच ठेवला. तो खणखणाट ऐकल्यावर कोणी काही बोलत नाही. हातातले टाके चालूच राहतात, कारण टेबलावर माणूस आहे.

सर्वांत फसलेला भाग निवडताना मी जुन्या दृश्यांचे तुकडे जोडून केलेला ‘अवर फायनेस्ट अवर’ मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण त्यात नवे असे फारसे काही नाही. माझी निवड सातव्या पर्वातील, १९७९ च्या ‘प्रिव्हेंटेटिव्ह मेडिसिन’ची आहे. कर्नल लेसी नावाचा एक अधिकारी आपल्या तुकडीतील माणसे बेफिकिरीने मरणाच्या तोंडी देत असतो. पुढच्या हल्ल्यापासून त्याला रोखण्यासाठी मालिकेचा नायक, शल्यचिकित्सक हॉकआय त्याच्या पेयात काहीतरी मिसळून पोटदुखी उत्पन्न करतो आणि त्याचे निरोगी अपेंडिक्स कापून काढतो. गंमत अशी की हीच युक्ती मालिकेने आधी एकदा वापरलेली होती. ‘अ‍ॅबिसिनिया’च्या अगदी आधीच्या ‘व्हाइट गोल्ड’ या भागात हॉकआय आणि त्याचा तेव्हाचा सहकारी डॉक्टर ट्रॅपर हेरखात्याच्या कर्नल फ्लॅगचे अपेंडिक्स असेच काढतात. तेव्हा तो खट्याळपणा होता आणि तो क्षणात होऊन जात होता. चार वर्षांनी त्याच युक्तीभोवती वीस मिनिटांचे व्याख्यान बांधले गेले. पात्रे माणसांसारखी बोलायची थांबून भूमिका मांडू लागल्याचे मला या भागापासून दिसते.

शल्यक

धागाकर्त्यांच्या पहिल्या निवडीविषयी मला काही म्हणायचे नाही. दुसऱ्या निवडीला मात्र मी पूर्ण विरोध करतो, आणि तो प्रेक्षक म्हणून जितका आहे तितकाच शल्यचिकित्सक म्हणूनही आहे.

‘व्हाइट गोल्ड’ मी विद्यार्थिदशेत पाहिला आणि खूप हसलो. पुढे स्वतः शस्त्रक्रिया करू लागल्यावर तोच भाग पुन्हा लावला, तेव्हा मला हसू आले नाही. माणूस भूल देऊन टेबलावर झोपवलेला असतो, तेव्हा त्याचे नाव, हुद्दा, स्वभाव हे सगळे हिरव्या कापडाखाली झाकलेले असते आणि समोर उरतो तो वीतभर उघडा चौकोन. त्या चौकोनावर पाते टेकवायचा आपला अधिकार फक्त एका गोष्टीवर उभा असतो : याला याची गरज आहे. फ्लॅग कितीही तिरस्करणीय असला तरी त्याला ती गरज नव्हती, आणि १९७५ मध्ये मालिकेला हे जाणवलेदेखील नाही. १९७९ मध्ये जाणवले. ‘प्रिव्हेंटेटिव्ह मेडिसिन’ला मी मालिकेतील सर्वोत्तम भागांत धरतो तो एवढ्यासाठी की, ज्या कृत्यावर तिने आपल्याला हसवले होते, तेच कृत्य तिने पुन्हा समोर ठेवले आणि या वेळी खोलीत नाही म्हणणारा एक माणूस उभा केला.

हॉकआयचा नंतरचा सहकारी डॉक्टर बी. जे. हनीकट याची भूमिका करणारे माइक फॅरल यांची हकीकतही इथे लक्षात घ्यावी. मूळ कल्पनेत दोन्ही डॉक्टर मिळून हे करणार होते. आपले पात्र निरोगी शरीर कापणार नाही असा आग्रह फॅरल यांनी धरला, त्यावर कलाकार आणि लेखक यांच्यात खरा वाद झाला आणि तोच वाद संहितेत उतरला. त्यामुळे तुम्हाला जे व्याख्यान वाटते, ते दोन मित्रांचे प्रत्यक्षातले भांडण आहे. शिवाय भाग कोणाच्याही बाजूने निकाल देत नाही. हॉकआय कापतो. लेसी हल्ल्यावर जाऊ शकत नाही. तरीही जखमींची पुढची खेप येतेच आणि ती बातमी घेऊन येणारा बी. जे. त्याला सुनावतो की तू लक्षणावर इलाज केलास, रोग तसाच चालू आहे.

जुनाप्रेक्षक

डॉक्टर, फॅरल यांची हकीकत मला ठाऊक होती, पण वादाची संहिता झाली म्हणजे तिचे नाट्य झाले असे मी मानत नाही. शेवटचे वाक्य तुम्ही उद्धृत केलेत तेच पाहा. रोग आणि लक्षण हे रूपक इतके घासूनपुसून तयार आहे की चिडलेला, थकलेला माणूस मध्यरात्री ते बोलेल यावर माझा विश्वास बसत नाही. याच्या शेजारी पहिल्या पर्वातला ‘समटाइम्स यू हिअर द बुलेट’ ठेवा. हॉकआयचा बालमित्र त्याच्याच टेबलावर मरतो आणि हेन्री त्याला सांगतो की युद्धाचा पहिला नियम म्हणजे तरुण माणसे मरतात, आणि दुसरा नियम म्हणजे डॉक्टरांना पहिला नियम बदलता येत नाही. वाक्य हेही घडवलेलेच आहे, हे कबूल. पण ते सांगणारा हेन्री हा चाचपडत बोलणारा, अधिकार नकोसा झालेला माणूस आहे, आणि हे नियम आपल्याला प्रशिक्षणात शिकवले गेले असे तो सांगतो. तो स्वतःचे शहाणपण मिरवत नाही.

रात्रपाळी

आपण दोघेही सर्वोत्तम आणि निकृष्ट भाग डॉक्टरांमध्येच शोधत आहात. मी पस्तीस वर्षे स्टाफ नर्स होते, त्यातली निम्मी रात्रपाळीची. माझ्या दृष्टीने सर्वांत वाईट भाग पहिल्याच पर्वात आहे आणि त्याचे नाव ‘एडविना’. एका धांदरट नर्सशी कोणीतरी प्रेमाची भेट ठरवीपर्यंत बाकीच्या नर्सेस सर्व पुरुषांवर बहिष्कार घालतात आणि मग पुरुष चिठ्ठ्या टाकून ठरवतात की ही आपत्ती कोणाच्या वाट्याला जायची. सुरुवातीच्या पर्वांत नर्सेसना नावेसुद्धा धड नव्हती. ज्या काळाला धागाकर्ते सहज आणि खट्याळ म्हणतात, त्या काळातला हा खट्याळपणा कोणाच्या जिवावर चालला होता, हेही मोजायला हवे.

त्याच्या उलट पाचव्या पर्वातील ‘द नर्सेस’ हा लिंडा ब्लडवर्थ यांनी लिहिलेला भाग. मुख्य परिचारिका मार्गारेट हूलिहान एका नर्सला शिस्तभंगाबद्दल तंबूत डांबते. त्या नर्सचा नवरा एका दिवसाच्या रजेवर आलेला असतो आणि त्या दोघांची भेट व्हावी म्हणून बाकीचे सगळे मार्गारेटला फसवतात. ते उघड झाल्यावर ती कोसळते आणि आपल्या हाताखालच्या मुलींना विचारते की तुमच्यापैकी एकीने तरी मला कधी एक कप कॉफी विचारली का? त्या म्हणतात, तुम्ही घ्याल असे वाटले नाही. ती म्हणते, चुकीचे वाटले.

आमच्या ड्यूटी रूममध्ये स्टोव्हवर अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात चहा उकळत असायचा आणि आम्ही बशीत ओतून, फुंकर घालून, दोन मिनिटांत संपवायचो. आमच्या मेट्रन शेजारच्याच केबिनमध्ये एकट्या बसत. त्यांच्या दारावरून पातेले नेताना आम्ही आवाज खाली करत असू. इतक्या वर्षांत त्यांना चहा विचारल्याचे मला एकदाही आठवत नाही. हा भाग मी निवृत्तीनंतर पाहिला. आता मेट्रन हयात नाहीत.

छावणी

वरचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावेसे वाटले नाही. तरी विरोधाचा एक मुद्दा मांडतो, कारण कोणीच मालिकेच्या अखेरच्या भागाकडे वळलेले नाही. ‘गुडबाय, फेअरवेल अँड आमेन’ला अडीच तासांचा वेळ दिलेला होता आणि अमेरिकेत सुमारे १०.६ कोटी लोकांनी तो पाहिला. लोकप्रियतेचा आकडा म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मान्य आहे. पण मला हाच भाग सर्वोत्तम वाटतो, आणि तो ज्या पर्वांना धागाकर्ते भाषणबाजीची पर्वे म्हणतात, त्याच मुशीतून निघाला आहे.

हॉकआय मनोरुग्णालयात आहे. एका बसमध्ये निर्वासितांसह सगळे लपलेले असताना, शत्रूची गस्त जवळ आली असताना, एका बाईच्या कुशीतली कोंबडी ओरडत होती, तिला गप्प कर असे तो तिच्यावर खेकसला आणि तिने ती कोंबडी गुदमरवून मारली, असे तो मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर फ्रीडमनला सांगतो. ती कोंबडी नव्हती, मूल होते, हे त्याच्या तोंडून बाहेर पडायला भागाचा बराच वेळ जातो. अकरा वर्षे हा माणूस प्रत्येक प्रसंगावर विनोद करून निभावून नेत होता, आणि शेवटी त्याच्या मनाने स्वतःशीच सर्वांत भयंकर बनवाबनवी केली. एवढे धारिष्ट पहिल्या तीन पर्वांत कुठे आहे?

रुग्णालयातला दुसरा शल्यचिकित्सक विंचेस्टर याचेही तसेच. शरण आलेल्या पाच चिनी वादकांना तो मोझार्टचे क्लॅरिनेट पंचक शिकवतो, युद्धकैद्यांच्या अदलाबदलीसाठी त्यांना ट्रकमधून नेले जाते आणि वाटेत सगळे मारले जातात. नंतर तो ती रेकॉर्ड लावतो आणि फोडून टाकतो.

आपल्याकडे या युद्धाची आठवण फारशी निघत नाही, म्हणून एक सांगतो. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली भारताची ६० वी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स तिथे जखमींवर उपचार करत होती, आणि युद्धविरामानंतर घरी परतायला तयार नसलेल्या कैद्यांचा ताबा ज्या भारतीय दलाकडे होता, त्याचे प्रमुख आपले मेजर जनरल शं. पां. थोरात होते. माझे घर लष्करी असल्याने ही नावे मला लहानपणापासून माहीत आहेत. म्हणूनच आठव्या पर्वापासूनचे गंभीर भाग मला कधी जड वाटले नाहीत.

शल्यक

अखेरच्या भागातील विंचेस्टरच्या प्रसंगाशी मी सहमत आहे. बसच्या प्रसंगाविषयी थोडे कमी, कारण मनोविश्लेषणात आठवण अशी एका झटक्यात उलगडत नाही. पण मूळ वादासाठी मला नवव्या पर्वातला ‘डेथ टेक्स अ हॉलिडे’ पुढे आणायचा आहे. नाताळच्या दिवशी डोक्यात गोळी लागलेला एक सैनिक येतो. वाचण्याची शक्यता नाही. त्याच्याजवळ बायकोमुलांचा फोटो सापडतो आणि मुलांना आयुष्यभर नाताळ हा बापाच्या मृत्यूचा दिवस म्हणून आठवू नये, यासाठी हॉकआय, बी. जे. आणि मार्गारेट त्याला मध्यरात्रीपर्यंत जगवण्यासाठी झटतात. तो आधीच जातो. मग हॉकआय घड्याळाचे काटे बारापुढे सरकवतो आणि तिघेही मृत्यूची तारीख २६ डिसेंबर लिहितात.

‘प्रिव्हेंटेटिव्ह मेडिसिन’मध्ये नकार देणारा तोच बी. जे. इथे खोट्या नोंदीत सामील आहे. ही विसंगती नव्हे. कागदावर खोटे लिहिणे आणि निरोगी माणसाचे पोट उघडणे यांत तो फरक करतो, आणि मीही करतो. रात्री अडीच वाजता मृत्यूचा दाखला भरताना वेळेच्या रकान्यापाशी माझे पेन अनेकदा थांबले आहे. मी वेळ कधी बदलली नाही. पण हॉकआयने बदलली याचा मला राग येत नाही, आणि लेसीवर त्याने शस्त्रक्रिया केली याचा येतो. हे दोन भाग शेजारी ठेवून पाहिले, तर पुढच्या पर्वांना नुसती भाषणबाजी म्हणता येईल का, हा माझा धागाकर्त्यांना प्रश्न आहे.

जुनाप्रेक्षक

तीन दिवसांनी उत्तर देत आहे, कारण मधल्या वेळात मी ‘द नर्सेस’, ‘डेथ टेक्स अ हॉलिडे’ आणि ‘प्रिव्हेंटेटिव्ह मेडिसिन’ हे तिन्ही भाग पुन्हा पाहिले.

‘एडविना’विषयी रात्रपाळी यांचे म्हणणे मी पूर्ण स्वीकारतो. सर्वांत फसलेल्या भागाची माझी निवड मी मागे घेतो आणि तिथे ‘एडविना’ ठेवतो. मी मुद्रित हसू बंद करून मालिका पाहिली असे सुरुवातीला लिहिले होते. ‘एडविना’ त्या पद्धतीने पाहताना काय वाटले ते आठवण्याचा प्रयत्न केला, आणि तो भाग मी पुढे ढकलत पाहिला होता असे लक्षात आले.

‘डेथ टेक्स अ हॉलिडे’ मी विसरलो होतो. त्यातील घड्याळाच्या प्रसंगापेक्षाही मला विंचेस्टरचा धागा मनाला लागला. अनाथालयातील मुलांना त्याने गुपचूप दिलेली महागडी चॉकलेटे तिथला व्यवस्थापक काळ्या बाजारात विकतो आणि त्या पैशांतून महिनाभराचा तांदूळ आणि कोबी आणतो. ज्याला जेवण मिळालेले नाही त्या मुलाला गोड खाऊ देणेच चूक होते, असे विंचेस्टर स्वतःच कबूल करतो. हे १९८० चे लेखन आहे, आणि पुढच्या पर्वांतली पात्रे माणसांसारखी बोलत नाहीत असे मी लिहिले होते. ते विधान सरसकट करायला नको होते.

‘प्रिव्हेंटेटिव्ह मेडिसिन’ मात्र डॉक्टरांच्या नजरेने पाहूनही मला सर्वोत्तम वाटत नाही. दोघांच्या भांडणाच्या दृश्यात या वेळी मी फक्त बी. जे.कडे पाहत होतो आणि त्याचा राग खरा आहे, हे मान्य. पण लेसी हा माणूस म्हणून उभा राहतच नाही. जखमींची विचारपूस करायला येणारा आणि त्याच श्वासात पुढच्या टेकडीची भाषा करणारा असा त्याचा नमुना लेखकांना हवा होता, तो त्यांनी करून घेतला. निरोगी शरीर कापू नये हा प्रश्न मला छळायचा असेल, तर ते शरीर कोणाचे आहे हे आधी कळायला हवे. हेन्री परत वळून रडारला मिठी मारतो, तेव्हा त्या अंगावरचा नवा सूटसुद्धा आपल्या ओळखीचा झालेला असतो.