घग: ‘ही माझी’ म्हणणाऱ्याला नुसता तुरुंग पुरेल का?

रानवारा
पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वामध्ये, विशेषतः वझिरिस्तान, बन्नू, लक्की मरवत या पट्ट्यात, ‘घग’ नावाची रीत आहे. पश्तोत घग म्हणजे आवाज, पुकारा. एखादा पुरुष मुलीच्या दारासमोर हवेत गोळ्या झाडतो, नाहीतर हुजऱ्यात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या जागी, चारचौघांत सांगतो की अमक्याची मुलगी माझी, दुसऱ्या कुणी मागणी घालायची नाही. झालं. मुलीला बोटही लावावं लागत नाही. पुढे तिला मागणी घालणं म्हणजे त्या माणसाशी उघड वैर, म्हणून स्थळंच येईनाशी होतात. बाप नमला तर लग्न त्याच्याशीच. नाही नमला तर मुलगी वर्षानुवर्षं घरात, आणि जो तिला मनापासून हवा होता त्याचं लग्न दुसरीकडे.

2013 मध्ये प्रांताने घगविरोधी कायदा केला: 3 ते 7 वर्षं कैद, 5 लाख रुपयांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. कायदा हवाच होता. पण माणूस आत गेला तरी त्याचा शब्द बाहेर फिरत राहतो. त्याचे भाऊ, चुलतभाऊ तो धरून बसतात. चारचौघांत बोललेलं चारचौघांतच मागे घ्यायला लावलं पाहिजे, आणि तिथे ते जिरगाच, म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषांची पंचायतच, करवू शकते. जिरग्याला या कामात घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

स्पष्टवक्ती
ठाम विरोध. जिरगा कसा चालतो ते आधी बघा. दोन्ही बाजू त्याला ‘वाक’ देतात, म्हणजे निर्णयाचा पूर्ण अधिकार. मग मचलगा ठेवतात, म्हणजे तारण: बंदुका किंवा रोख रक्कम. निकाल मोडला की ती गेली. या सगळ्यात बाई कुठेही बसलेली नसते. आणि याच जिरग्याने खुनाचं वैर मिटवायला मारणाऱ्याच्या घरातली मुलगी मेलेल्याच्या घरी लग्नात द्यायला लावली आहे. तिला स्वारा म्हणतात. सासरी ती सून नसते, भरपाई असते. पाकिस्तानी दंडसंहितेच्या 310अ कलमाखाली हा गुन्हा आहे. 2021 मध्ये संघीय शरीयत न्यायालयानेही ही रीत इस्लामविरोधी ठरवली. ज्या हातांनी मुली दिल्या, त्याच हातांत मुलीची सुटका ठेवायची?

कलम१५४
दोघांचंही थोडं बाजूला ठेवून, तक्रार कुठे अडते ते सांगतो.

कायद्यातली व्याख्या चांगली रुंद आहे. बोलून, लिहून, नुसतं सूचित करून केलेला दावाही घगच, आणि त्या दाव्याच्या जोरावर लग्नात आडवं येणं हाही. अडतं ते पुराव्यात. घग घालणारा पुष्कळदा ‘तरबूर’ असतो, म्हणजे चुलतभाऊ. पश्तोत हाच शब्द वैऱ्यालाही वापरतात. बांध एक, पाण्याचा पाट एक. हुजऱ्यात ऐकणारे सगळे त्याच्याच गोतातले. बाप वाट बघतो, की मिटेल आपोआप. तेवढ्यात झाडलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या कुणीतरी उचलतो आणि साक्षीदार ‘लग्नाच्या वरातीत उडवल्या असतील’ म्हणायला लागतात.

म्हणून त्याच दिवशी ठाण्याच्या रोजनामच्यात, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, नोंद हवी. त्याचे शब्द जसेच्या तसे, वेळ, जागा, आणि भावकीबाहेरच्या निदान दोघांची नावं. पुंगळ्या पोलिसांनीच पंचनाम्यात उचलाव्यात.

आणखी एक भोक आहे. दावा मुलीच्या किंवा तिच्या आईबापाच्या, वलीच्या म्हणजे पालकाच्या मर्जीविरुद्ध असावा, अशी व्याख्या आहे. घाबरलेल्या बापाने एकदा होकार भरला की आरोपी म्हणतो, ही तर ठरलेली सोयरीक. मग जबरदस्तीच्या लग्नाचं 498ब कलम उरतं, आणि तिथे बापाविरुद्ध बोलायचं ते मुलीने एकटीने.

वझिरिस्तानचं तर वेगळंच. 2018 मध्ये हा टोळ्यांचा पट्टा प्रांतात विलीन होईपर्यंत तिथे 1901 चे सरहद्द गुन्हे नियमच चालत होते. रीत जिथे घट्ट, तिथे पहिली पाच वर्षं हा कायदा पोचलाच नाही.

पाणवठा
तुमच्या तिघांच्या बोलण्यात बापाची मर्जी आहे, तरबुराचा शब्द आहे, मुलीचं मन मात्र एका वाक्यात उरकलंय. घग सुटला तरी पुढे काय? बाप तिला ‘बदल’मध्ये देऊ शकतो. आपल्याकडचं साटंलोटं, तेच. एका जोडप्याचं बिनसलं की दुसरंही मोडायला निघतं. बदल म्हणजे पश्तोत सूडही, हे विसरू नका.

तिला काय हवं ते कळायला टप्पे ऐका, म्हणजे पश्तो लोकगीतं. दोनच ओळी, पहिलीत 9 अक्षरं, दुसरीत 13, रचणारीचं नाव नाही. आपल्या जात्यावरच्या ओवीसारखंच बायकांचं धन. त्यात ‘गुदर’ पुन्हा पुन्हा येतो: ओढ्यावरची पाणी भरायची जागा, मातीचा ‘मंगै’ डोक्यावर चढवताना कुणीतरी दिसण्याची जागा. त्या दोन ओळींत बाई आपला माणूस स्वतः निवडते. आदम खान आणि दुरखानै यांची गोष्ट हुजऱ्यात रबाबावर गातात. दुरखानैचं लग्न दुसऱ्याशी लावून देतात आणि शेवटी दोघंही झुरून मरतात. ऐकताना पुरुषांचे डोळे भरतात. घग घातला जातो तोही हुजऱ्यातच. मला हे सहन होत नाही.

रानवारा
पाणवठा यांचं बोलणं लागलं, आणि बरोबर लागलं. स्पष्टवक्तींचंही अर्धं मान्य. जिरग्याने निवाडा करायचा नाही, फक्त माघारीचा साक्षीदार व्हायचं. माघार भावांसकट, लेखी, मचलगा ठेवून. ‘ननवाते’ मात्र नको. मेंढा घेऊन दारात क्षमा मागायला आलेल्याला परत पाठवणं तिथे अब्रूला बट्टा, म्हणजे माफ करायचं ओझं पुन्हा मुलीच्याच घरावर.

स्पष्टवक्ती
अट लेखी असली तरी गावाच्या दृष्टीने ‘मिटलं’ ते मिटलंच. गुन्ह्यात तडजोड चालत नाही, तरी साक्षीदार दुसऱ्या दिवशीच फिरतात. खटला तिथेच संपला.

कलम१५४
म्हणून क्रम उलटा होता कामा नये. आधी रोजनामचा आणि गुन्ह्याची नोंद. मग मुलीचा आणि साक्षीदारांचा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 164 कलमाखाली जबाब, मुलीचा बापाला बाहेर बसवून. पुढे कुणी फिरला तर तोच जबाब त्याच्यासमोर ठेवता येतो. जिरग्याला बोलवायचंच असेल तर त्यानंतर, आणि मुलीने हो म्हटलं तरच.