नावं बदलली, पण कुणासाठी?

सांजवारा

गेले काही महिने मी एक गोष्ट पाळतेय. खऱ्या गुन्ह्यावर बेतलेली मालिका लागली की टीव्ही बंद. ‘न बघताच टीका करता’ असं कुणी म्हणायच्या आत सांगते, मी या प्रकारातली पट्टीची प्रेक्षक आहे. ‘क्राईम पेट्रोल’ सुरुवातीपासून, म्हणजे २००३ पासून. ‘सावधान इंडिया’ जमेल तसं. ‘दिल्ली क्राईम’चा पहिला सीझन तर एका बैठकीत संपवला होता.

माशी शिंकली ती ‘देवमाणूस’ बघताना. साताऱ्यातलं वाई-धोमचं प्रकरण, म्हणजे डॉक्टर म्हणवणाऱ्या एकानं केलेले खून, २०१६ च्या ऑगस्टमध्ये उघडकीला आलं. पुरलेली माणसं उकरून काढावी लागली होती. त्यावर बेतलेली मालिका २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, तेव्हा खटल्याचा निकालही लागला नव्हता. मालिकेत काय, तर सरू आजीच्या म्हणी, टोण्याचा वात्रटपणा आणि अधूनमधून एक खून. मी मनापासून हसत होते. मग एका रात्री लक्षात आलं की ‘आता हिचा नंबर कधी लागतो’ याची मला उत्सुकता लागलीय. जिच्या जागी कधीतरी खरीखुरी बाई होती, तिचा नंबर.

दुसरं म्हणजे ती पाटी. ‘सत्य घटनेवर आधारित’ आणि लगेच ‘पात्रे व प्रसंग काल्पनिक, साधर्म्य आढळल्यास निव्वळ योगायोग’. विकताना सत्य, अंगाशी आलं की काल्पनिक. २०२२ च्या अखेरीस दिल्लीतल्या मेहरौलीच्या, म्हणजे श्रद्धा वालकरच्या हत्येशी मिळताजुळता ‘क्राईम पेट्रोल’चा भाग दाखवला गेला आणि लोक भडकले. वाहिनीचं म्हणणं, हे काल्पनिक आहे, पण २०११ च्या काही प्रकरणांवर बेतलेलं आहे. एकाच वाक्यात दोन्ही! शेवटी तो भाग काढून टाकला.

मला वाटतं, ज्यांच्या घरात हे घडलं त्यांना विचारल्याशिवाय अशा मालिका काढू नयेत, आणि आपण बघू नयेत. बोला.

बिनधास्त_बंडू

असहमत. वर्तमानपत्रात खुनाची बातमी वाचताना तुम्ही कुणाची परवानगी काढता? ती चवीनं वाचायची आणि मालिका लागली की सोवळं नेसायचं, हे काही पटत नाही.

एक उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये पोस्टाच्या सदोष संगणक प्रणालीमुळे नऊशेहून जास्त पोस्टचालकांवर चोरी-अफरातफरीचे खोटे गुन्हे शाबीत झाले. पत्रकार २००९ पासून लिहीत होते, २०१९ मध्ये हायकोर्टाचा निकालही त्यांच्या बाजूनं लागला. तरी ढिम्म. जानेवारी २०२४ मध्ये ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ ही चार भागांची मालिका आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात सरसकट शिक्षा रद्द करणारा कायदा झाला. जे बातम्यांनी झालं नाही ते मालिकेनं केलं. तुमचा नियम लावला असता तर लोक हे बघायलाच बसले नसते.

सांजवारा

बंडू, उदाहरण चांगलं आहे, पण तुमच्याच विरोधात जातंय. ते पोस्टचालक हयात होते, लेखिकेशी बोलले होते, त्यांना ही गोष्ट सांगितली जायला हवी होती. त्यांना विचारलं गेलं, माझं म्हणणं एवढंच तर आहे! आता दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या एका सिरियल किलरवरची २०२२ ची ‘डाहमर’ बघा. मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांनी जाहीरपणे सांगितलं की आम्हाला कुणी विचारलं नाही. एकीनं कोर्टात केलेला आक्रोश नटीकडून जसाच्या तसा करून घेतला, कपड्यांसकट. यातून कुठला कायदा झाला?

कोर्टाचीपायरी

सवयीप्रमाणे कायदा सांगून जातो.

परवानगीचा प्रश्न आपल्याकडे १९९४ मध्येच सुप्रीम कोर्टासमोर आला होता, तोही एका खुन्याच्या आत्मचरित्रावरून. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू, म्हणजे ऑटो शंकर प्रकरण. कोर्टानं म्हटलं, जे सार्वजनिक दस्तात आहे ते संबंधितांच्या संमतीविना छापता येतं. दस्तापलीकडचं खासगी आयुष्य लिहायचं तर जोखीम तुमची. लैंगिक अत्याचारातल्या पीडित स्त्रीचं नाव मात्र दस्तात असलं तरी अपवाद. पूर्वी भारतीय दंड संहितेचं २२८-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ७२ कलम आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती मयत असली तरी ओळख उघड करायची नाही, असं स्पष्ट केलं. त्यामुळे अशा भागांत नावं बदलतात ते सौजन्य म्हणून नव्हे, नाहीतर तुरुंग आहे.

चालू खटल्याचा मुद्दा जास्त गंभीर आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरच्या ‘ब्लॅक फ्रायडे’चं प्रदर्शन मुंबई हायकोर्टानं अडवलं होतं, टाडा कोर्टाचा निकाल येईपर्यंत. चित्रपट लागला २००७ मध्ये. ही काळजी रोजच्या मालिकांबाबत कुणी घेताना दिसत नाही. निठारी आठवतंय, २००६ मध्ये उघडकीला आलेलं नोएडातलं बालहत्याकांड? देशानं ज्याला नराधम ठरवून टाकलं होतं, त्याला अलाहाबाद हायकोर्टानं २०२३ मध्ये बारा खटल्यांत पुराव्याअभावी निर्दोष ठरवलं. आता मधल्या सतरा वर्षांत आपण जे काही पाहिलं-ऐकलं, त्याचं करायचं काय?

रात्रपाळी

मी बघते आणि बघत राहणार. माझं कारण वेगळं आहे.

आमच्या घरात ‘ओळखीचा माणूस’ या विषयावर कधी बोलणंच झालं नव्हतं. लहानपणी भीती घातली जायची ती अंधाराची, परक्याची. मालिकेत मात्र दर चार भागांत एकदा काका, शिकवणीचा सर, शेजारी, भावाचा मित्र. सरकारी आकडेवारीही तेच सांगते. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी पीडितेच्या ओळखीचेच असतात. माझ्या मामीनं असाच एक भाग बघता बघता आवाज कमी केला आणि लेकीला विचारलं, “तुझ्याशी कुणी असं वागलंय का?” टीव्हीकडे बघत विचारलं, तिच्याकडे नाही. समोरासमोर तिला ते कधीच जमलं नसतं. लेकीनं उत्तर दिलं. पुढचं इथे लिहीत नाही, पण त्या माणसाचं आमच्याकडे येणं त्या दिवसापासून बंद झालं.

तेव्हा मालिका सरसकट बंद करा म्हणणाऱ्यांनी त्या मामीला दुसरी वाट कुठली ते सांगावं.

जुनं_खोड

वाट सापडली हे छान झालं. पण रोज रात्री दोन तास हे बघणाऱ्या माझ्या वडिलांनी दाराला तीन कड्या बसवल्यात आणि मीटर बघायला आलेल्या माणसाचा फोटो काढून ठेवतात. जॉर्ज गर्बनर नावाच्या अभ्यासकानं १९७० च्या दशकातच याला नाव दिलंय, ‘मीन वर्ल्ड’. टीव्ही जास्त बघणाऱ्याला जग आहे त्याहून क्रूर वाटायला लागतं. रात्रपाळीताईंच्या मामीला जी शंका यायला हवी होती ती आली. वडिलांना सगळ्यांचीच येते.

(बाकी ‘हे बघून गुन्हेगार शिकतात’ हा मुद्दा कुणी काढणार असेल तर कृपया नको. खून मालिकांच्या आधीपासून चालू आहेत.)

बिनधास्त_बंडू

मीटरवाल्याबद्दल सहानुभूती.

सांजवारा, नातेवाइकांना विचारा म्हणता, पण कुणाला? कितीतरी प्रकरणांत घरचेच आरोपी असतात. हुंडाबळीवर भाग काढायचा तर सासरच्यांची संमती घ्यायची? आणि माहेरचे अब्रूच्या भीतीनं नाहीच म्हणणार. म्हणजे जी प्रकरणं दाबली जातात ती आणखी दाबली जाणार. नावं बदलतात तेवढं पुरे आहे.

नाव_नको

एरवी फक्त वाचतो. ‘नावं बदलतात तेवढं पुरे आहे’ हे वाचून लिहावंसं वाटलं.

माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याचा खून झाला. पैशाचा वाद, धंद्यातला भागीदार. कबुली, पुरावा, शिक्षा, सगळं सरळ. गुंता काहीच नव्हता आणि तीच बहुधा अडचण झाली असावी. पाऊण तासाच्या भागाला एवढंसं पुरत नाही. दोन वर्षांनी एका वाहिनीवर तो भाग आला. नावं बदललेली, गाव बदललेलं. छापखाना मात्र तसाच होता. भागीदार तसाच, रोजमेळाच्या वहीवरून सापडलेला तपासाचा धागाही तसाच. ज्यांना ओळखायचं होतं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं.

आणि भर काय घातली? बायको आणि भागीदार यांच्यात ‘काहीतरी’. नुसत्या नजरा, एकदा दाराआडून ऐकलेलं फोनवरचं बोलणं. शेवटी निवेदकाचं अर्धं वाक्य, ‘तपासात पत्नीचा सहभाग आढळला नाही’. तोपर्यंत पस्तीस मिनिटं लोकांनी तिला बघून घेतलं होतं.

खटल्याच्या प्रत्येक तारखेला तिची सासू तिच्याबरोबर कोर्टात जायची. त्या भागानंतर सासूनं विचारलं काहीच नाही, फक्त बोलणं कमी केलं. मुलगा नववीत होता. वर्गात काय ऐकून आला ते त्यानं आजवर सांगितलेलं नाही.

तेव्हा बंडूभाऊ, नाव बदलल्यानं आमचं काही लपलं नाही. उलट जे घडलंच नव्हतं ते आमच्या नावावर चढलं. खऱ्या नावानिशी दाखवलं असतं तर निदान निकालपत्र घेऊन भांडता आलं असतं.

कोर्टाचीपायरी

अवघड आहे. हेच दस्तापलीकडचं. बदनामीचा दावा लावायचा तर आधी ‘त्या पात्रात मीच आहे’ हे भर कोर्टात तिनं स्वतः सिद्ध करायचं.

बिनधास्त_बंडू

वाचलं. वाईट वाटलं. परवानगीबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, कारण अडचण परवानगीची नसून रचलेल्या भागाची आहे. मूळ प्रकरणात नव्हतं ते कुणाच्या चारित्र्यावर घालू नका, एवढा नियम झाला तरी चालेल. पण ‘तेवढं पुरे आहे’ हे शब्द मागे घेतो. तक्रार केली होती का कुठे?

नाव_नको

केली. दोन ओळींचं उत्तर आलं. पात्रे काल्पनिक आहेत.

रात्रपाळी

गाव विचारत नाही. पण छापखाना आणि रोजमेळाची वही वाचून वाटतंय, मी तो भाग बघितलाय. शेवटचं ते वाक्य मला आठवत नाही. बायको सामील होती, असंच डोक्यात राहिलं होतं.